कागदावरचे संरक्षण

वाचकहो, राज्यसंस्था नागरिकाला जी अनेक आश्वासने देते, त्यांत पहिले आश्वासन त्याच्या जीविताचे असते. कर भर, कायदा पाळ, प्रसंग पडला तर रणांगणावर जा, असे राज्य त्याला सांगते आणि त्याच्या मोबदल्यात, तुझ्या व तुझ्या मुलाबाळांच्या जीविताचे रक्षण मी करीन, असा शब्द देते. हा शब्द आपल्या हातून पाळला जाणार नाही हे राज्याला पुरते ठाऊक असेल, तर त्याने काय करावे? लोकांना तसे उघड सांगावे, की संरक्षणाचा एक आराखडा कागदावर काढून त्यांच्या हाती द्यावा आणि त्यांना निश्चिंत झोपू द्यावे? हा निव्वळ तर्काचा प्रश्न नव्हे. अणुबाँबच्या हल्ल्यापासून नागरिकांचा बचाव कसा करावा ह्याच्या योजना आखण्याचे काम ब्रिटनमधील स्थानिक स्वराज्य संस्थांवर १९४८ च्या कायद्याने सोपविण्यात आले, तेव्हा तेथील नगरसभांना ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कृतीने द्यावे लागले. त्या उत्तरांचा इतिहास चाळीस वर्षांचा आहे. तो परक्या देशाचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. कारण त्यातून निघणारा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे.

हिरोशिमाने दिलेला धडा

आरंभी हिरोशिमाकडे पाहिले पाहिजे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ७ वाजून ३१ मिनिटांनी त्या शहरात धोका टळल्याचा भोंगा वाजला. लोक आपापल्या कामाला लागले. ८ वाजून १५ मिनिटांनी अणुबाँब पडला. त्या वेळी शहराच्या मध्यभागी शाळकरी मुलामुलींच्या टोळ्या उघड्या आभाळाखाली राबत होत्या. हे काम नागरी संरक्षणाचेच होते. आगलाव्या बाँबनी पेटलेली आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करावयाचे, असा तो आराखडा होता. ह्या कामावर नेमलेल्या सुमारे ८,४०० विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६,३०० मुले मृत्युमुखी पडली. शहराचे महापौर सेन्किची आवाया हेही त्याच दिवशी मारले गेले. शहरातील डॉक्टर व परिचारिका ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मेले अथवा जखमी झाले.

ह्यावरून तीन गोष्टी निर्विवाद ठरतात. पहिली, संरक्षणाचे आराखडे मागच्या युद्धाच्या अनुभवावर बेतलेले असतात आणि शस्त्र मात्र नवे येते. दुसरी, चुकीच्या गृहीतावर उभारलेला आराखडा निरुपयोगी ठरून थांबत नाही. तो स्वतःच माणसांना मरणाच्या तोंडी नेऊन उभा करतो. तिसरी, जे योजना राबविणार, जे जखमा बांधणार, जे हुकूम सोडणार, तेही त्याच शहरात राहतात आणि त्याच क्षणी मरतात. नागरी संरक्षणाच्या कोणत्याही आराखड्याची परीक्षा ह्या तीन कसोट्यांवर झाली पाहिजे.

कॉव्हेन्ट्रीचा नकार

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील नगरसभांनी विमानहल्ल्यांत मोठे काम केले होते. निवारे बांधणे, ढिगारे उपसणे, बेघरांना अन्न व आसरा देणे ही कामे त्यांच्याच नोकरांनी व स्वयंसेवकांनी केली. त्याच अनुभवाच्या आधारावर १९४८ चा नागरी संरक्षण कायदा झाला आणि पुढील वर्षी नागरी संरक्षण दल उभे राहिले. परंतु १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबचा जो स्फोट केला, त्याची शक्ती १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजारपट होती. त्याची किरणोत्सारी धूळ दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी होडीवर पडली आणि तिच्यावरील २३ खलाशी आजारी पडले. आता प्रश्न एका शहराचा राहिला नाही. वारा ज्या दिशेला वाहील त्या दिशेचा संपूर्ण मुलूख धोक्यात आला.

ह्या स्फोटानंतर काही आठवड्यांतच कॉव्हेन्ट्री शहराच्या नगरसभेने आपली नागरी संरक्षण समिती बरखास्त केली. हायड्रोजन बाँबपुढे असल्या तयारीला काही अर्थ नाही, असे तिचे म्हणणे होते. हे म्हणणारे शहर कोणते होते, ते वाचकांनी ध्यानात घ्यावे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी जे शहर जाळले, ज्याचे मध्ययुगीन प्रार्थनामंदिर भस्मसात झाले आणि ज्याचे पाचशेहून अधिक नागरिक एका रात्रीत ठार झाले, तेच हे शहर. बाँब म्हणजे काय, हे त्याला लंडनच्या कचेरीतून कोणी शिकवावयाची गरज नव्हती. त्याच्यावर भेकडपणाचा किंवा बेपर्वाईचा आरोप करणे केवळ अशक्य होते. सरकारने काय केले? नगरसभेच्या म्हणण्याला उत्तर देण्याऐवजी गृहमंत्र्यांनी तिचे हे अधिकार काढून घेतले आणि आपले आयुक्त पाठवून ते काम चालू ठेवले. १९५७ साली लंडनमधील सेंट पँक्रस येथील नगरसभेने असाच नकार दिला, तेव्हा तिच्या बाबतीतही हेच झाले.

सरकारला काय ठाऊक होते

आता ह्याच काळात सरकारच्या तिजोरीबंद कागदांत काय लिहिलेले होते ते पाहू. विल्यम स्ट्राथ नावाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील एका गटाने १९५५ साली सरकारला गुप्त अहवाल सादर केला. ब्रिटनवर दहा हायड्रोजन बाँब पडले तर सुमारे १ कोटी २० लक्ष माणसे मरतील आणि आणखी ४० लक्ष गंभीर जखमी होतील, असा त्यात अंदाज होता. म्हणजे त्या काळच्या लोकसंख्येचा जवळजवळ एक तृतीयांश भाग. किरणोत्सारी धुळीपासून लोकांना वाचवावयाचे तर मोठ्या प्रमाणावर निवारे बांधावे लागतील, हेही सरकारला सांगण्यात आले होते. तो खर्च सरकारने केला नाही. हा अहवाल लोकांना २००२ साली, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी वाचावयास मिळाला.

कॉव्हेन्ट्रीचे नगरसेवक जे सभागृहात उघडपणे बोलत होते, तेच सरकार स्वतःशी कुजबुजत होते. फरक इतकाच की, उघड बोलणाऱ्यांचे अधिकार गेले आणि कुजबुजणाऱ्यांचे शाबूत राहिले.

निवाऱ्यासाठी पैसा नव्हता असेही म्हणता येणार नाही. विल्टशर परगण्यातील कॉरशॅम येथे जुन्या दगडखाणींच्या पोटात, जमिनीखाली सुमारे ३५ एकरांचे एक भुयारी शहर १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार करण्यात आले. त्यात पंतप्रधान, मंत्री व अधिकारी मिळून ४,००० माणसांना तीन महिने राहता येईल अशी सोय होती. ह्याशिवाय प्रत्येक विभागाचा कारभार चालविण्यासाठी वेगळी भुयारी ठाणी होती. जनतेला त्यांची वार्ता नव्हती. १९६३ साली काही युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी रेडिंगजवळच्या वॉरन रो येथील असे ठाणे शोधून काढले व त्याची माहिती छापून ईस्टरच्या शांतिमोर्चात वाटली, तेव्हा कोठे सामान्य माणसाला कळले की, आपल्यासाठी निवारा नसला तरी आपल्यावर राज्य करणाऱ्यांसाठी तो केव्हाच सिद्ध झालेला आहे. १९६५ साली पीटर वॉटकिन्स ह्यांनी बीबीसीसाठी 'द वॉर गेम' हा चित्रपट तयार केला. अणुहल्ल्यानंतर केंट परगण्यात काय घडेल, हे त्यात दाखविले होते. बीबीसीने तो १९८५ पर्यंत दूरचित्रवाणीवर दाखविला नाही. दरम्यान १९६८ साली खर्च कमी करावयाचा म्हणून नागरी संरक्षण दलच मोडीत काढण्यात आले.

राज्याच्या यंत्राचे रक्षण आणि राज्यातील माणसांचे रक्षण ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी काँक्रीट मिळाले. दुसरीसाठी छापील कागद मिळाला.

घराच्या दरवाजाचा निवारा

तो कागद कसा होता, हेही पाहण्यासारखे आहे. मे १९८० मध्ये ब्रिटिश सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची पुस्तिका ५० पेन्सना विकावयास काढली. युद्धाचा प्रसंग जवळ आला की ह्याच सूचना घरोघर पोहोचवावयाच्या, असा बेत होता. घरातील एक खोली निवडावी. तिच्यात दरवाजे बिजागऱ्यांवरून काढून भिंतीला तिरपे टेकवावे. त्यांवर मातीने भरलेल्या पिशव्या व पेट्या रचाव्यात. पहिले दोन दिवस कुटुंबाने त्या आडोशाखाली काढावे आणि चौदा दिवसांपर्यंत त्या खोलीतच राहण्याची तयारी ठेवावी, असा उपदेश तीत होता. कोणी मेल्यास प्रेत दुसऱ्या खोलीत न्यावे, गुंडाळून त्यावर नावाची चिठ्ठी लावावी आणि पाच दिवसांनंतरही कोणी न्यावयास आले नाही, तर बाहेर जाणे सुरक्षित असल्यास चर खणून ते तात्पुरते पुरावे, असेही लिहिले होते.

वाचकहो, ह्या सूचना हास्यास्पद म्हणून सोडून देऊ नका. त्या कोणाला उद्देशून होत्या ते तपासा. ज्याचे स्वतःचे भक्कम विटांचे घर आहे, ज्यात एक खोली मोकळी आहे, ज्याच्या अंगणात उकरण्याजोगी माती आहे, असा गृहस्थ पुस्तिकेच्या लेखकासमोर होता. उंच इमारतींच्या वरच्या दोन मजल्यांवर राहणाऱ्यांनी तेथे थांबू नये, असे तीत सांगितले होते. पण मग त्यांनी जावे कोठे? खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे व्यवस्था करावी! चाकांच्या घरांत राहणाऱ्यांना सांगितले होते की, स्थानिक नगरसभेला विचारा. आणि नगरसभेजवळ काय होते? तिच्याजवळ गृहखात्याची परिपत्रके होती. शिवाय, घर सोडून दुसऱ्या गावी गेलात तर तेथील नगरसभा तुम्हाला जागा, अन्न वा इतर मदत देणार नाही, अशी ताकीदही त्या पुस्तिकेत होती.

विटंबना अशी की, ज्या नगरसभांनी १९५० व १९६० च्या दशकांत गलिच्छ वस्त्या पाडून कष्टकऱ्यांना उंच मनोऱ्यांत राहावयास नेले होते, त्याच नगरसभांवर आता त्या भाडेकरूंना सांगण्याची पाळी आली की, तुमचा मजला बचावाच्या कामाचा नाही. ज्याच्या हाती घराची निवड नव्हती, त्याच्यावरच सुरक्षित घराची जबाबदारी टाकावयाची, हे कोणते न्यायतत्त्व? संकट सर्वांवर सारखे कोसळते असे म्हणतात. ते खोटे आहे. संकट आभाळातून सारखे कोसळत असेल. छपरे मात्र सारखी नसतात.

वैद्यकीय व्यवस्थेचेही तेच. केवळ किरणोत्साराने आजारी झालेल्यांना इस्पितळात घेऊ नये, कारण त्यावर खास असा उपाय नाही, अशी सूचना १९७७ च्या आरोग्य परिपत्रकात होती. १९८३ साली ब्रिटिश वैद्यक संघटनेने आपला अहवाल प्रसिद्ध केला व स्पष्ट सांगितले की, एका मेगाटन शक्तीचा एकच बाँब पडला, तरी त्यातील जखमींची शुश्रूषा करणे देशाच्या संपूर्ण आरोग्यसेवेच्या आवाक्याबाहेरचे आहे. १९८० च्या सप्टेंबरात 'स्क्वेअर लेग' नावाचा जो राष्ट्रीय सराव झाला, त्यात १३१ अण्वस्त्रे पडल्याचे गृहीत धरले होते. आणि त्यावरून केलेल्या अंदाजानुसार २ कोटी ९० लक्ष माणसे, म्हणजे निम्म्याहून अधिक लोकसंख्या, मृत्युमुखी पडणार होती.

नगरसभांचे उत्तर

५ नोव्हेंबर १९८० रोजी मँचेस्टरच्या नगरसभेने आपले शहर अण्वस्त्रमुक्त क्षेत्र म्हणून घोषित केले. तिच्यामागून इतर अनेक नगरसभांनी तसे ठराव केले. फेब्रुवारी १९८२ पर्यंत वेल्समधील सर्व काउंटी कौन्सिलांनी ही घोषणा केली होती. त्याच वर्षी शरद ऋतूत 'हार्ड रॉक' हा देशव्यापी सराव व्हावयाचा होता. सुमारे वीस काउंटी कौन्सिलांनी त्यात भाग घेण्याचे नाकारले आणि जुलैमध्ये सरकारला तो गुंडाळावा लागला.

सरकारने १९८३ मध्ये नवे नियम करून योजना आखणे, माणसे प्रशिक्षित करणे व सरावात भाग घेणे नगरसभांना बंधनकारक केले. पण आता नगरसभाही कॉव्हेन्ट्रीपेक्षा एक पाऊल पुढे गेल्या होत्या. योजना आखण्यास आम्ही तयार आहोत. परंतु कशाविरुद्ध आखावयाची ते आधी कळू द्या, असे त्या म्हणू लागल्या. ग्रेटर लंडन कौन्सिलने तज्ज्ञांचा एक आयोग नेमला आणि लंडनवर हल्ला झाल्यास घरे, पाणी, अन्न, इस्पितळे ह्यांचे काय होईल, ह्याचा तपशीलवार अभ्यास करविला. तो अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सरकारने ते कौन्सिलच बरखास्त केले.

नकार देणे सोपे असते व तो मोडून काढणेही सोपे असते. अधिकार काढून घेतले की काम संपले. परंतु एखाद्या संस्थेने कायद्याचा शब्द पाळून सत्य शोधले आणि ते छापून लोकांच्या हाती दिले, तर ते परत काढून घेता येत नाही. नगरसभांच्या ह्या लढ्यातील सर्वांत चिरस्थायी भाग हाच होय, असे आमचे मत आहे.

विरुद्ध बाजू

ह्या नगरसभांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. जेथे स्फोट होईल तेथील माणसे मरतील हे खरे. परंतु त्याच्या बाहेर, जेथे केवळ किरणोत्सारी धूळ पडेल, तेथील लक्षावधी लोक योग्य माहितीने वाचू शकतात. मग त्यांना ती माहिती नाकारणे हा गुन्हा नव्हे काय?

ह्या आक्षेपातील शास्त्र बरोबर आहे. स्फोटानंतर काळ सातपट झाला की धुळीचा किरणोत्सार सुमारे दहा पटींनी घटतो. पहिल्या तासात तो जेवढा असेल, त्याच्या एक दशांश सात तासांनी, एक शतांश सुमारे दोन दिवसांनी आणि एक सहस्रांश सुमारे दोन आठवड्यांनी उरतो. म्हणून पहिले दोन दिवस जाड भिंतीआड किंवा तळघरात काढणाऱ्याचा जीव वाचण्याचा संभव पुष्कळ वाढतो. ही माहिती प्रत्येकाला असावी. ती दडवून ठेवणारा कोणी असेल, तर त्याचे समर्थन आम्ही करणार नाही.

परंतु ह्याच शास्त्राने आक्षेप घेणाऱ्यांवर जबाबदारी येते. जाड भिंतीने जीव वाचतो हे मान्य असेल, तर जाड भिंत प्रत्येकाला मिळाली पाहिजे. स्वित्झर्लंडने हे तत्त्व मनापासून मानले. १९६३ च्या कायद्यापासून तेथे नव्या घरांबरोबर निवारे बांधण्याची सक्ती झाली आणि आज त्या देशात संपूर्ण लोकसंख्येला पुरून उरतील इतक्या निवाऱ्यांच्या जागा आहेत. ते धोरण आवडो वा न आवडो, त्यात प्रामाणिकपणा आहे: जे सांगितले, त्यासाठी पैसा खर्च केला. ब्रिटनने माहितीतला उपदेश तेवढा उचलला व खर्च टाळला. आणि उपदेशाबरोबर मर्यादाही सांगावयाची असते, ती सांगितली नाही. नगरसभांचा रोष माहितीवर नव्हता. अपुरी माहिती पुरेशी म्हणून लोकांच्या गळ्यात बांधण्यावर होता. अणुयुद्ध म्हणजे दोन आठवड्यांची अडचण, असे एकदा लोकमानसात ठसले की, ते युद्ध टाळण्याची निकड कमी होते. खोटे संरक्षण नुसते निष्फळ नसते. ते राज्यकर्त्यांना धाडस देते.

आपल्याकडे

मे १९९८ पासून भारत व पाकिस्तान ही दोन्ही अण्वस्त्रधारी राष्ट्रे आहेत. आपला नागरी संरक्षण कायदा १९६८ चा आहे. त्यानुसार राज्य सरकार जिल्हाधिकाऱ्याच्या किंवा त्यावरील दर्जाचा नियंत्रक नेमते. ७ मे २०२५ रोजी केंद्र सरकारच्या आदेशाने देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले. भोंगे वाजले, दिवे मालविले गेले, माणसे सुरक्षित जागी हलविण्याची तालीम झाली. सरावासाठी निवडलेल्या ठिकाणांत महाराष्ट्रातील मुंबई, उरण आणि तारापूर ही नावे होती. हा सराव विमानहल्ल्याचा होता, अणुहल्ल्याचा नव्हता, आणि अशा सरावाला आमचा विरोध नाही. आग विझविणे, जखमीला उचलणे, गर्दी आवरणे ह्या गोष्टी शिकलेला माणूस पुरातही उपयोगी पडतो व भूकंपातही.

परंतु ब्रिटनमधील नगरसभांनी विचारलेले प्रश्न आपणही विचारले पाहिजेत. घरात जा, खिडक्या बंद करा, भिंतीआड राहा, ही सूचना पक्क्या घरातील माणसासाठी आहे. पत्र्याच्या खोलीत, ताडपत्रीखाली किंवा पुलाच्या आडोशाला राहणाऱ्याने कोणत्या भिंतीआड जावे? सार्वजनिक इमारतींत त्याला आसरा मिळणार असेल, तर कोणत्या इमारतीत, किती माणसांना आणि दार कोण उघडणार, हे आज त्याच्या वस्तीत लिहून लावलेले असावयास नको काय?

आणखी एक प्रश्न असा आहे की, तो ब्रिटनला पडला नाही. तो आपल्याच देशाचा आहे. संकटानंतर प्रेते कोणी उचलावयाची? २००४ च्या डिसेंबरात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली, तेव्हा नागपट्टिणम येथे प्रेते काढण्यासाठी इतर नगरपालिकांतून सफाई कामगार आणण्यात आले आणि त्यांतील बहुसंख्य दलित होते. आराखड्यात त्या कामाचे नाव 'स्वच्छता' असे असते. ते कोणाच्या वाट्याला येणार, हे मात्र आराखड्यात लिहिलेले नसते. जन्माने ते आधीच ठरलेले असते, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. जेथे माती, पाणी आणि प्रेते किरणोत्साराने विषारी झालेली असतील, तेथे हातमोज्यावाचून आणि मोजमापाच्या यंत्रावाचून कोणाला उतरविले जाणार? ज्या आराखड्यात ह्या प्रश्नाचे लेखी उत्तर नाही, तो समतेच्या राज्यघटनेखालील आराखडा म्हणता येणार नाही. राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताचा हक्क शांततेच्या दिवसांपुरता दिलेला नाही.

मागणी काय असावी

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असू द्या. ब्रिटनने १९४८ च्या कायद्याच्या जागी २००४ साली नवा नागरी आपत्ती कायदा केला. कोणकोणत्या आपत्तींचा संभव आहे ह्याचा अंदाज घेऊन तो प्रसिद्ध करणे व जनतेला सावध करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. ज्या सत्यासाठी कॉव्हेन्ट्रीचे अधिकार काढून घेतले गेले, ते सत्य सांगणे पन्नास वर्षांनी, निदान तत्त्वतः, कर्तव्य ठरले. आपल्या महानगरपालिका, नगरपालिका व ग्रामपंचायती ह्यांनीही आपल्या हद्दीतील आराखडे जिल्हा कचेरीतून मागवावेत, सभागृहात वाचावेत, त्यांवर चर्चा करावी आणि प्रत्येक वॉर्डात ते लावावेत. काय करता येईल ते सांगावे. काय करता येणार नाही तेही त्याच टायपात छापावे. कोणत्या वस्तीला निवारा नाही, ते नाव घेऊन लिहावे. जो धोका कोणत्याही निवाऱ्याने टळत नाही, तो टाळण्याचा एकच मार्ग उरतो, म्हणजे ते शस्त्र वापरलेच जाणार नाही अशी तजवीज. आणि ते म्हणण्याचा अधिकार ज्यांच्या डोक्यावर ते पडणार त्या शहरांना आहे. हिरोशिमाच्या महापौरांनी १९८२ साली जगातील नगरांना ह्याच कामी एकत्र येण्याचे आवाहन केले आणि आज आठ हजारांहून अधिक नगरे त्या संघटनेत आहेत.

नागरिक भ्याड असतात, त्यांना सत्य पचत नाही, ही राज्यकर्त्यांची जुनी समजूत आहे. कॉव्हेन्ट्रीने ती खोटी ठरविली. ज्यांनी एका रात्रीत आपले शहर जळताना पाहिले, त्यांनी सत्य ऐकले, ते बोलून दाखविले आणि त्याची किंमतही मोजली. आपणही आपल्या नगरसेवकाला, आपल्या सरपंचाला पुढच्याच सभेत विचारा: आमच्या वस्तीसाठी आराखडा आहे काय? असेल तर दाखवा. नसेल तर तसे लिहून द्या.